पहाटे तीनला धाप लागून जाग येते – सीओपीडी असलेल्या घरी रात्र कशी काढता?

रानजाई – शुक्रवार, रात्री ११:५२

आई ६९ वर्षांची. वाईच्या पलीकडे गावी भावाकडे असते. दोन वर्षांपूर्वी नळीत फुंकायची टेस्ट झाली आणि डॉक्टर म्हणाले, सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. आयुष्यात तिने बिडी सोडाच, मशेरीही लावली नाही. चूल मात्र पंचेचाळीस वर्षं फुंकली.

दिवसा तिचं बरं असतं. भाजी निवडते, नातवंडांवर ओरडते, रोटाहेलर (औषधाची पूड तोंडाने आत ओढायचा पंप) चंचीत सुपारीशेजारी ठेवते. प्रश्न रात्रीचा आहे. दहाला पडते, डोळा लागतो आणि तीन-साडेतीनला उठून बसते. शनिवार-रविवार मी तिच्या खाटेशेजारी झोपते, म्हणून मला कळलं. आधी खाटेची करकर, मग दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढे वाकलेली आई आणि छातीतून बारीक शिट्टी. गेल्या शनिवारी अंधारातच तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, कोविडात घेतलेला. गोधडीआड लाल उजेड, आकडा ८६. पाच मिनिटं बसल्यावर ९१. विचारलं काय होतंय, तर म्हणे, "काय न्हाई, दम वर ईना. झोप तू." सकाळी डोकं जड, दुपारी शेंगा फोडता फोडता पेंगते.

दवाखान्यात नेलं की डॉक्टर विचारतात किती चालता, जिना चढता का, बेडका कसल्या रंगाचा. झोपेचं कुणी विचारत नाही. आईही सांगत नाही, कारण तिच्या मते म्हाताऱ्या माणसाला झोप कमीच असते.

शेजारच्या काकूंनी झोपेची अर्धी गोळी सुचवली आहे. त्या स्वतः घेतात. द्यावी का? आणि तुमच्या घरी अशा रात्री काय करता? उशा, खुर्ची, मशीन, काहीही सांगा.

अर्धाकप – शनिवार, रात्री १२:१०

पहाटे तीनपर्यंत जागं राहण्याचा माझा उपाय म्हणजे असले धागे वाचणे. विनोद बाजूला ठेवतो. काकूंची गोळी काकूंनाच राहू द्या.

तळकोकणी – शनिवार, सकाळी ६:३५

गोळीबद्दल लिहायलाच हवं म्हणून चहा बाजूला ठेवून लिहितोय.

आमच्या बाबांना हाच आजार. रात्र रात्र जागायचे आणि आईलाही जागवायचे. कंटाळून मीच मेडिकलमधून अल्प्राझोलॅम आणली. चिठ्ठी नव्हती, ओळखीवर मिळाली. पहिल्या रात्री बाबा गाढ झोपले आणि आम्ही सगळे खूश. दुसऱ्या रात्रीही झोपले. तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजले तरी उठेनात. हलवलं की डोळे उघडायचे, "हं" म्हणायचे, परत मिटायचे. हात गरम, चेहरा लालसर. दवाखान्यात मनगटातून रक्त काढून तपासलं तर कार्बन डायऑक्साइड साठलेला. चार दिवस आयसीयू. वाचले. पण मी आणलेली ती स्ट्रिप अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

त्यांचा ऑक्सिजन तेव्हा ९० च्या आसपास दिसत होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. बोटाला लावायचं यंत्र कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

रानजाई – शनिवार, सकाळी ७:०२

बाप रे. गोळी रद्द. काकूंना कसं सांगायचं ते बघते.

लेंगा_झब्बा – शनिवार, सकाळी ९:१५

बिडी न ओढता सीओपीडी? मला नाही पटत. दमा असेल. रोज पहाटे अनुलोम-विलोम, कपालभाती आणि कुंभक करायला लावा, चाळीस दिवसांत पंप सुटेल. शिवाय त्या दुपारी झोपत असतील तर रात्री झोप येणार कुठून? साधा हिशेब आहे.

शेवंती_७२ – शनिवार, सकाळी १०:४०

लेंगा_झब्बा, तुमचा हिशेब उलटा आहे. रात्रीची झोप होत नाही म्हणून त्या दुपारी पेंगतात. माझ्या सासूबाईंचा दुपारचा डुलका आम्ही हट्टाने बंद केला होता. रात्रीच्या झोपेत काही फरक नाही, फक्त संध्याकाळी त्या जास्त चिडायला लागल्या. त्यांचंही चुलीचंच दुखणं. बिडी नाही, तपकीर नाही.

छातीठोक – शनिवार, रात्री १०:२०

मी छातीचा डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावी. पेशंट न बघता औषध सांगणार नाही, पण रात्री होतं काय ते सांगतो.

आधी बिडीचा मुद्दा. २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी नेमकं यावरच लिहिलं होतं, धूम्रपान न करणाऱ्यांचा सीओपीडी. चुलीचा धूर त्यात वरच्या क्रमांकावर आहे. टीबी होऊन गेलेल्यांनाही होतो. माझ्याकडच्या बायकांमध्ये बिडी ओढलेली क्वचितच सापडते. बंद स्वयंपाकघर, ओली लाकडं आणि फुंकणी सापडते.

आता झोप. जागेपणी आपण दोन प्रकारच्या गड्यांच्या जोरावर श्वास घेतो: खालचं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडद्यासारखा स्नायू, आणि बरगड्यांमधले, मानेचे स्नायू. सीओपीडीत हवा आत अडकून राहते, फुप्फुसं फुगलेली राहतात आणि घुमटासारखं असायला हवं ते श्वासपटल चपटं होऊन बसतं. चपटं झालेलं आणखी काय खाली खेचणार? म्हणून हे लोक दिवसा मानेच्या आणि बरगड्यांच्या स्नायूंवर निभावून नेतात. झोपेत स्वप्नांचा टप्पा येतो तेव्हा शरीर श्वासपटल सोडून बाकीचे बहुतेक स्नायू ढिले सोडतं. तुमच्या-माझ्या बाबतीतही हेच होतं, फक्त आपल्याला पत्ता लागत नाही. रानजाईंच्या आईचे मात्र भरवशाचे गडीच रजेवर जातात. स्वप्नांचे लांब टप्पे रात्रीच्या उत्तरार्धात येतात. श्वासनळ्याही साधारण चारच्या सुमाराला सगळ्यात आक्रसलेल्या असतात. तीन-साडेतीनची वेळ येते ती यातून.

दुसरी गोष्ट आकड्याची. तुम्ही वाईकर, म्हणून पाचगणीचं टेबललँड घ्या. ९८ पासून ९२-९३ पर्यंत पठार आहे. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब बराच घटला तरी आकडा थोडाच हलतो. नव्वदीशी कडा आहे. तिथून दाब जरासा घसरला की आकडा पसरणीचा घाट उतरतो. आई जागेपणीच ९१ वर म्हणजे कड्यावर उभ्या आहेत. झोपेत एक पाऊल सरकलं की खाली.

सकाळचं जड डोकं हे कार्बन डायऑक्साइड वाढत असल्याचं लक्षण असू शकतं. तळकोकणींनी लिहिलंय ते म्हणूनच महत्त्वाचं. झोपेची गोळी मेंदूची श्वास घ्यायची धडपड मंदावते. दारूही तेच करते.

तुमच्या डॉक्टरांना "आईला झोप लागत नाही" असं सांगू नका, गोळी लिहून मिळेल. "तीन वाजता उठून बसते, बसलेली असताना ८६ होतं, सकाळी डोकं धरतं" असं सांगा. रात्रभर नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर मिळतो, त्याबद्दल विचारा. आणि त्यांना पंप नीट घेता येतो का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

एक राहिलंच. पाय सुजतात का? आडवं पडल्यावर तासा-दोन तासांत गुदमरून उठतात का? मग हृदयही तपासायला हवं. हृदयाचा दम आणि छातीचा दम रात्रीच्या अंधारात सारखेच दिसतात.

उशी_नंबर_तीन – शनिवार, रात्री १०:५१

टेबललँडचं उदाहरण वाचनखूण म्हणून साठवलं.

लेंगा_झब्बा – शनिवार, रात्री ११:०५

डॉक्टर लोक प्राणायामाला नावं ठेवणारच.

छातीठोक – शनिवार, रात्री ११:३०

नाही हो. श्वास हळू सोडायला मी स्वतः शिकवतो. नाकाने घ्यायचा, ओठांचा चंबू करून गरम चहा फुंकल्यासारखा सावकाश सोडायचा. अडकलेली हवा थोडी जास्त बाहेर पडते आणि रात्री घाबरगुंडी उडते तेव्हा हाच उपाय हाताशी असतो. पण ज्याची हवा आत कोंडली आहे त्याला श्वास रोखून धरायला सांगणं, म्हणजे कुंभक, आणि जोरजोरात कपालभाती, हे नको. पंप सोडायचा सल्ला तर अजिबात नको.

पावशेर – रविवार, सकाळी ८:२०

नागपूरहून लिहितो. माझ्या वडिलांना बायपॅप मशीन आहे, दीड वर्ष झालं. त्यांचाही कार्बन डायऑक्साइड चढत होता. रात्री नाकातोंडावर मास्क लावून झोपायचं, श्वास आत घेताना मशीन जोर लावतं, सोडताना जोर कमी करतं.

डॉक्टरने काही सांगितलं नाही ते मी सांगतो. पहिले दहा दिवस कोणीच झोपत नाही. मास्कमधून हवा फुर्रफुर्र सुटत होती. पट्टे आवळले तर नाकावर जखम झाली. शेवटी कंपनीचा मुलगा आला आणि म्हणाला, "काका, कवळी काढून झोपता का?" गाल आत गेले की मास्क बसत नाही बाप्पा! दुसरं कारण मिशी. मिशी काढा म्हटलं तर बाबा म्हणाले, "जीव गेला तरी चालते." मग रात्री कवळी तोंडात ठेवायची आणि मिशी कातरून बारीक करायची, असा तह झाला.

माझी पाच वर्षांची मुलगी त्यांना मास्क अन् नळी लावलेलं पाहून "गणपती आजोबा" म्हणायला लागली. तेव्हापासून ते स्वतःहून लावतात. झोपायच्या आधी तिला मोदक मागतात.

अर्धाकप – रविवार, सकाळी ८:४४

मिशीसाठी बाणेदारपणा दाखवणाऱ्या वडिलांना मुजरा. आमच्याकडे वडील रात्रभर घोरतात, म्हणजे झोप छान आहे असं आम्ही धरून चालतो.

छातीठोक – रविवार, दुपारी १:१५

अर्धाकप, धरून चालू नका. घोरणं मध्येच थांबतं आणि मग हिसका देऊन सुरू होतं का, ते बघा. तो झोपेत घसा बंद होण्याचा आजार. तो आणि सीओपीडी एकाच माणसात असले की रात्री दुप्पट वाईट. फ्लेनली नावाच्या डॉक्टरने १९८५ मध्ये या जोडीला 'ओव्हरलॅप सिंड्रोम' हे नाव दिलं. उपाय वेगळा असतो, म्हणून ओळखणं गरजेचं.

अर्धाकप – रविवार, दुपारी १:२०

थांबतं. हिसकाही देतं. आम्ही त्याला "गिअर बदलला" म्हणायचो. उद्याच नंबर लावतो.

मिरजमार्गे – रविवार, दुपारी ३:३०

ऑक्सिजनबद्दल कोणी बोललं नाही अजून. आमच्या काकांकडे पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर आहे. घरची हवा ओढून नायट्रोजन बाजूला काढतं, सिलिंडर भरायची कटकट नाही. पण साधारण साडेतीनशे वॅट खातं आणि रात्रभर फस्स-ठक, फस्स-ठक करतं. आम्ही ते पडवीत ठेवून लांब नळी आत घेतली. लाइट गेली की प्रश्न. इन्व्हर्टरवर साडेतीन-चार तास जातात, नंतर छोटा सिलिंडर. दीड घनमीटरचा सिलिंडर दोन लिटरने बारा तास पुरतो, हा हिशेब वहिनीने भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवलाय.

ऑक्सिजनची सवय लागते म्हणून काका सुरुवातीला घ्यायचेच नाहीत. नंतर उलटं झालं. दम लागला की स्वतःच काटा फिरवून पाचवर न्यायचे. एकदा दुपारपर्यंत उठेनात. तळकोकणींनी लिहिलं तसंच सगळं. तेव्हापासून काट्याला चिकटपट्टी लावली आहे.

छातीठोक – रविवार, संध्याकाळी ६:४०

चिकटपट्टी आवडली. कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्यांना आम्ही आकडा ८८ ते ९२ मध्ये ठेवतो, ९८ चा हट्ट नाही. सवय वगैरे लागत नाही.

पण सगळ्यांनाच रात्री ऑक्सिजन द्यावा असंही नाही. १९८० च्या अमेरिकन आणि १९८१ च्या ब्रिटिश अभ्यासांत दिसलं की जागेपणी, बसल्या जागीच ज्यांचा ऑक्सिजन फार खाली असतो, त्यांनी दिवसाचे किमान १५ तास घेतला तर आयुष्य वाढतं. फक्त झोपेतच घसरणाऱ्यांना किती फायदा होतो, हे २०२० च्या कॅनडातल्या डॉक्टरांच्या चाचणीनंतरही ठरलेलं नाही. पुरेसे पेशंट मिळाले नाहीत म्हणून ती आवरती घ्यावी लागली.

लेस्टरची_लेक – रविवार, रात्री ९:०५

इथे इंग्लंडमध्ये बाबांच्या कॉन्सन्ट्रेटरच्या विजेचे पैसे परत मिळतात हे सांगितलं तर तुम्ही सगळे मला माराल. पण तीन वाजताचं एकटेपण इथेही तेच आहे. नर्सने एक साधी गोष्ट शिकवली. हातातला छोटा बॅटरीचा पंखा चेहऱ्यावर, नाकाजवळ धरायचा. आकडा वाढत नाही, पण दम कमी वाटतो. बाबा आता उशीखाली पंखा ठेवतात आणि मला फोन करत नाहीत. थोडं वाईट वाटतं त्याचं.

घाटावरचा – रविवार, रात्री ९:३०

रानजाईताई, एक विचारू का? तुमच्या गावाकडचा आहे म्हणून विचारतो. पहाटे बंब कोण पेटवतं आणि कुठं?

रानजाई – रविवार, रात्री ९:४८

वहिनी पेटवते. अंघोळीच्या पाण्यासाठी. आई तीनला उठते, बंब पेटतो साडेचार-पाचला. त्याचा काय संबंध? उज्ज्वलाचं सिलिंडर २०१७ पासून घरात आहे, स्वयंपाक गॅसवरच होतो. भाकरी तेवढी चुलीवर.

घाटावरचा – रविवार, रात्री ९:५५

कुठं पेटवतात ते नाही सांगितलंत.

रानजाई – रविवार, रात्री १०:३०

भावाला फोन करून विचारलं. मागच्या दाराशी. आईच्या खाटेच्या खिडकीखाली.

शेवंती_७२ – रविवार, रात्री १०:३३

आणि रात्री डासांची कॉइल?

रानजाई – रविवार, रात्री १०:३५

हो. खाटेखालीच.

शेवंती_७२ – रविवार, रात्री १०:४१

ओरडत नाहीये हो तुम्हाला. आमच्याकडेही होती. एका कॉइलमधून बारीक धूलिकण ७५ ते १३७ सिगारेटींइतके निघतात, असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलेलं वाचलं आणि त्याच दिवशी मच्छरदाणी आणली. सासूबाई म्हणाल्या, "माहेरी गेल्यासारखं वाटतं मच्छरदाणीत."

लेंगा_झब्बा – रविवार, रात्री ११:१०

धुपाची धुरी चालेल का मग? ती नैसर्गिक असते.

अर्धाकप – रविवार, रात्री ११:११

चुलीतलं लाकूडही झाडालाच लागतं, काका.

वाफाळता – सोमवार, दुपारी १२:२०

अवांतर होतंय, पण औषधांच्या वेळाही बघा. आमच्या आजीला डेरिफायलिन ही दम्याची गोळी झोपताना द्यायचो, ती टक्क जागी आणि छातीत धडधड. चहा-कॉफीच्या चुलत घराण्यातलंच औषध ते. डॉक्टरांना विचारून वेळ बदलून घेतली. स्टेरॉइडच्या गोळ्या कधी दिल्याच तर सकाळी, खाऊन. आणि रात्रीचं जेवण साडेसातला. पोट गच्च भरलं की श्वासपटलाला वर दाबतं, आंबट वर येऊन खोकलाही उठतो.

रानजाई – तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:१०

गायब होते, माफ करा. आईला साताऱ्याला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. छातीठोकांनी लिहिलं होतं तसंच मी बोलले, आकड्यासकट. त्यांनी लगेच पेन खाली ठेवलं आणि आईकडे वळून विचारलं, "आजी, पंप घेऊन दाखवा."

आईने चंचीतून रोटाहेलर काढला, कॅप्सूल बसवली, फिरवली, ऐटीत तोंडाला लावला आणि फुंकला. आत ओढला नाही, फुंकला! पंचेचाळीस वर्षं फुंकणी हातात, त्यात टेस्टच्या वेळी "फुंका आजी, जोरात फुंका" असं ओरडून सांगितलेलं. तिने तेच लक्षात ठेवलं. पांढरी पूड डॉक्टरांच्या टेबलावर. दोन वर्षं औषध चालू होतं असं आम्ही समजत होतो. मी दर शनिवारी शेजारी झोपत होते आणि एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

आता स्पेसर (पंपाला जोडायचं पोकळ नळकांडं) लावून घ्यायचा पंप आणि सकाळी एकदा दुसरा, चोवीस तास टिकणारा. रक्तातला कार्बन डायऑक्साइड तपासला, वरच्या काठावर आहे, पण आत. हृदयाचा इको ठीक. मग रात्रभराची नोंद केली: सर्वांत खाली ८३, तीन ते साडेचारच्या मध्ये. घसा बंद होण्याचा प्रकार वाटत नाही. ऑक्सिजन आत्ताच नको म्हणाले. आधी औषध खरंच पोटा... म्हणजे छातीत जाऊ दे, दोन महिन्यांनी परत नोंद घेऊ. गोळीचं विचारलं तर नुसती मान हलवली.

बंब गोठ्याच्या पलीकडे हलवला. वहिनीला लांब पडतं, ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचंही बरोबर आहे, घागरी ती वाहते. भाऊ सोलरचं बघतोय. मच्छरदाणी लागली.

काल रात्री पावणेचारला उठली. आकडा ८९. चंबू करून श्वास सोडत बसली होती. मी उठले तर म्हणे, "चहा फुकतीया, झोप तू."

तळकोकणी – रविवार, रात्री ९:२२

वाचून बरं वाटलं. रोटाहेलरचं कुणाला सांगू नका, आमच्या बाबांनी पहिले आठ दिवस कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली होती.

पावशेर – रविवार, रात्री ९:३०

काकूंची गोळी?

रानजाई – रविवार, रात्री ९:३४

काकूंना सांगितलं की डॉक्टर नको म्हणाले. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला नको असेल, मला तर रोज लागते." त्यांनाही रात्री दम लागतो म्हणे. पुढच्या शनिवारी दोघींना घेऊन जातेय साताऱ्याला.